वखारीसाठी ओंडके उचलायचं यंत्र निवडताना: आधी ओंडका तोला, मग मशीन बघा

दसरा झाला की आमच्याकडचे हमाल कमी व्हायला लागतात. बीड, धाराशिव, लातूरच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. बांधावरची लाकडंही नेमकी ह्याच महिन्यांत तुटतात, कारण रान मोकळं होत जातं आणि गाडी शेतात जाऊ शकते. माल भरपूर असतो आणि तो उचलायला माणूस नसतो. मग प्रत्येक छोटा सॉ मिलवाला एकच प्रश्न विचारतो: जेसीबी घेऊ, हायड्रा (चाकांवर फिरणारी छोटी क्रेन) घेऊ, की ट्रॅक्टरलाच लोडर लावू?

ह्याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. ते आपल्याच वखारीत असतं, आणि ते शोधायला एक दोरी, एक वही आणि पंधरा दिवस पुरतात.

हे मी आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. आमच्या अंगणात पूर्वी तीन वाशांची तिवई उभी करून चेन पुलीनं ओंडके उतरवायचो. एका श्रावणात, रात्री पाऊस होऊन गेलेला असताना, तिवईचा एक पाय काळ्या मातीत हळूहळू रुतला. कडुलिंबाचा ओंडका झोका खाऊन आला आणि आमच्या हमालाचं पाऊल त्याखाली सापडलं. तो माणूस आजही लंगडतो. चेन पुली चांगली होती, साखळीही शाबूत होती. ओंडक्याचं वजन किती आणि खालची जमीन किती पेलेल, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पहिलं काम: सगळ्यात जड ओंडक्याचं वजन काढा

आपल्या धंद्यात ओंडका कसा मोजतात ते सगळ्यांना माहीत आहे. मधोमध दोरीनं घेर घ्यायचा, दोरी चौपदरी करायची, त्या मापाचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. घेर 6 फूट आणि लांबी 10 फूट असेल तर दीड गुणिले दीड गुणिले दहा, म्हणजे साडेबावीस घनफूट.

हे माप खरेदी-विक्रीचं आहे. ओंडक्यातलं खरं लाकूड ह्यापेक्षा सुमारे 27 टक्के जास्त भरतं, कारण चौपदरी दोरीचा हिशेब गोल ओंडक्याला चौकोनी समजून केलेला असतो आणि कडेचं लाकूड सोडून देतो. व्यवहारात ते चालतं. साखळीला मात्र पूर्ण ओंडका उचलावा लागतो, सोडून दिलेल्या भागासकट.

आता वजन. पाणी घनफुटाला 28.3 किलो भरतं. ताजी तोडलेली बाभळ किंवा निलगिरी पाण्याइतकीच, कधी थोडी जास्तच जड असते. 28.3 ला 1.27 नं गुणलं की 36 येतात. साल, चिकटलेली माती, बुंध्याचा फुगवटा धरून मी सरळ 40 घेतो. म्हणून ओल्या लाकडाचा माझा नियम असा: दोरीच्या मापाचे घनफूट गुणिले 40, की किलो आले. चांगला वाळलेला साग असेल तर 40 ऐवजी 25 धरला तरी चालतो.

वरचा साडेबावीस घनफुटांचा ओंडका ओल्या लिंबाचा धरला तर 900 किलोंचा झाला. घेर 4 फूट आणि लांबी 8 फूट असलेली बाभळ 8 घनफूट, म्हणजे 320 किलो. आणि गावाबाहेरच्या जुन्या चिंचेचा 10 फूट घेराचा, 8 फूट लांब बुंधा आला तर 50 घनफूट, म्हणजे थेट 2 टन.

गेल्या वर्षभराच्या मापवह्या काढा आणि प्रत्येक ओंडक्यापुढे वजन लिहा. बहुतेक छोट्या वखारींत दहातले नऊ ओंडके 900 किलोंच्या आतले निघतात. वर्षातून पाच-सहा चिंचा आणि आंबे येतात, ते दीड-दोन टनांचे. यंत्र नऊ ओंडक्यांसाठी घ्या. उरलेले मोठे ओंडके एका कोपऱ्यात साठवा, महिन्या-दोन महिन्यांतून एक दिवस हायड्रा भाड्यानं बोलवा आणि सगळे एका दमात आऱ्याजवळ (ओंडके कापायच्या करवतीजवळ) लावून घ्या. पाच चिंचांसाठी वर्षभर मोठ्या मशीनचे हप्ते भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्या मशीनचा बहुतेक वेळ उभं राहण्यात जातो, हप्ता मात्र उभा राहत नाही.

ओंडक्याला किती वेळा हात लागतो ते मोजा

एक दिवस वहीत नुसत्या रेघा मारा. गाडीवरून उतरवला, एक. ढिगावर चढवला, दोन. ढिगावरून काढून आऱ्याच्या ट्रॉलीवर ठेवला, तीन. मधे कुणाची गाडी अडली म्हणून हलवला, चार. समजा रोज पंधरा ओंडके कापता, तर साठ उचली झाल्या.

ह्यातल्या निम्म्या यंत्राशिवाय वाचतात. गाडी उतरवण्याची जागा आऱ्यापेक्षा थोडी उंच करा आणि आऱ्याकडे हलका ढाळ द्या, दहा फुटांना तीन-चार इंच. जमिनीवर दोन समांतर वासे किंवा जुने रूळ टाका आणि ओंडके त्यांच्यावर आडवे ठेवा. मग ओंडका पहारीच्या टोल्यानं स्वतःच पुढे सरकतो. खालच्या बाजूला पाचरी लावायला मात्र विसरू नका, आणि सुटणाऱ्या ओंडक्यासमोर कुणी उभं राहायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. मांडणी सुधारली की पुष्कळदा अपेक्षेपेक्षा लहान यंत्रात काम भागतं.

जमीन

मराठवाड्यात हा प्रश्न टाळता येत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात दगडासारखी लागणारी जागा जुलैत मशीनचं चाक गिळते. कुठलंही चाकाचं यंत्र घेणार असाल तर त्याच्या किमतीत जागेचा खर्च आधी धरा.

काळ्या मातीवर नुसता मुरूम ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. दोन पावसाळ्यांत तो खाली जातो. फूट-दीड फूट काळी माती उपसून काढा, दगडी सोलिंग भरा, त्यावर मुरमाचे थर पाणी मारून रोलरनं दाबा आणि चारी बाजूंनी पाण्याला चर काढून द्या. सगळी वखार अशी करायची गरज नाही. गाडीची जागा, ढिगाची जागा आणि त्यांच्यामधली वाट एवढं पुरतं. एवढंही जमत नसेल तर चाकाच्या यंत्राचा विचार सोडा आणि खांबावरच्या गॅन्ट्रीकडे (ओंडका लटकवून सरकवायच्या उंच चौकटीकडे) वळा.

आता यंत्रं, एकेक करून

*फळ्या आणि दोरखंड.* महिन्याला दोन-चार गाड्याच येत असतील तर हेही पुरतं, आणि ते नीट केलं तर फार सोपं आहे. गाडीला दोन भक्कम वासे तिरपे लावा. दोरखंडाचं एक टोक गाडीला बांधा, दोर ओंडक्याखालून घेऊन वरून परत गाडीकडे आणा आणि ओढा. ओंडका गुंडाळत वर येतो आणि निम्मा भार बांधलेल्या टोकावर राहतो. वासे बारा फूट आणि गाडीची उंची चार फूट असेल तर 900 किलोंच्या ओंडक्याला 150 किलोंच्या आसपास ओढ लागते. चार माणसं ती देऊ शकतात. दोन्ही टोकांना दोन दोर हवेत, आणि ओंडक्याच्या खालच्या बाजूला माणूस नको.

*गॅन्ट्री किंवा मोनोरेल, तिच्यावर होइस्ट.* रोजचं काम असलेल्या छोट्या सॉ मिलसाठी माझी पहिली पसंती हीच. खांबांवर आय-बीम (I आकाराची लोखंडी तुळई), त्यावर सरकणारी ट्रॉली आणि ओंडका उचलणारा 2 टनांचा होइस्ट. गाडी एका टोकाला लागते, आरा दुसऱ्या टोकाला. डिझेल नाही, ड्रायव्हर नाही, मातीत रुतणं नाही. हातानं ओढायची चेन पुली स्वस्त पडते, पण 2 टनांच्या पुलीवर ओंडका एक मीटर वर न्यायला हातांनी साठ-सत्तर मीटर साखळी ओढावी लागते. दिवसाला वीस उचली असतील तर हमालाचे खांदे भरून येतात. विजेचा होइस्ट घ्या. 2 टनांच्या संथ होइस्टला दोन-तीन एचपीची मोटर पुरते, आणि थ्री-फेज कनेक्शन आऱ्यासाठी असतंच. वीज गेली तर आराही थांबतो, त्यामुळे फार बिघडत नाही. फक्त अडलेली गाडी मोकळी करायला एक हाताची पुली जवळ ठेवा.

ह्यात दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. एक, खांबाचा पाया काळ्या मातीत थांबवू नका, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा. नाहीतर माती फुगते, खांब हलतो आणि ट्रॉली आपोआप एका बाजूला पळायला लागते. दोन, बीमचा आकार फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. उंची ठरवताना गाडीचा तळ साधारण साडेचार फूट, त्यावर पाच फुटांचा माल, वरच्या ओंडक्याची जाडी, ओंडका हुकला अडकवणाऱ्या पट्ट्याचा त्रिकोण आणि होइस्टची स्वतःची उंची, हे सगळं मिळवा. पंधरा-सोळा फुटांच्या खाली गेलात तर भरलेल्या गाडीवरून ओंडका काढताच येणार नाही.

*ट्रॅक्टरला पुढचा लोडर.* ट्रॅक्टर घरचा असेल तर मोह होतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो योग्यही ठरतो. पण 45-50 एचपीचा ट्रॅक्टर मागच्या हायड्रॉलिकवर दीड-दोन टन उचलतो हे पाहून पुढचा लोडरही तेवढंच उचलेल असं धरू नका. पुढच्या लोडरची क्षमता त्याच्या निम्मी किंवा त्याहून थोडी कमी-जास्त असते. पुढे भार आला की मागची चाकं हलकी होतात, ब्रेक आणि पकड दोन्ही जातात, म्हणून मागे काँक्रीटचा ठोकळा किंवा वजनपेटी लावलीच पाहिजे. ओंडका नेताना तो गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा, वर उचलून फिरू नका. आणखी एक: शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर धंद्यात वापरताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. आधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

ऊस भरायचा पंजा लावलेला ट्रॅक्टर हंगाम संपल्यावर स्वस्तात मिळतो, म्हणून काही जण तो वखारीत आणतात. तो पंजा मोळीसाठी केलेला आहे. सुबाभळीची किंवा निलगिरीची बारीक बल्ली भरायला चांगला, पण 900 किलोंच्या लिंबावर त्याची बोटं वाकतात.

*बॅकहो लोडर, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो.* साडेसात-आठ टनांचं यंत्र, ताकद भरपूर, ऑपरेटर गावोगाव, दुरुस्ती कुठंही. शिवाय वखारीत काम नसेल तेव्हा बाहेर भाड्यानं जातं. बाहेरचं काम खात्रीनं मिळत असेल तरच घ्या, कारण नुसत्या ओंडक्यांवर हा हत्ती पोसवत नाही. तासाला चार-सहा लिटर डिझेल लागतं. माहितीपत्रक वाचताना जपून. ठळक अक्षरांत छापलेला ब्रेकआउट फोर्स हा जमिनीलगत बकेट उपटण्याचा जोर असतो. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे पूर्ण उंचीवरची उचल क्षमता, आणि तो नेहमी लहान असतो. बकेट काढून फोर्क किंवा वरून दाबणारा पंजा लावला तरच ओंडक्याचं काम नीट होतं.

बकेटच्या दाताला साखळी अडकवून ओंडका लटकवणं आपल्याकडे रोज दिसतं. कृपा करून हे थांबवा. साखळी दातावरून निसटते, आणि ती निसटते तेव्हा ओंडका सावरणारा माणूस अगदी खाली असतो. उचलायचंच असेल तर कंपनीनं दिलेल्या हुकच्या जागेवरून, आणि त्या स्थितीच्या उचल क्षमतेच्या तक्त्यात बसेल तेवढंच.

*हायड्रा.* 12-14 टनांची हायड्रा म्हटलं की वाटतं, आपला 2 टनांचा ओंडका म्हणजे पोरखेळ. तो 12 टनांचा आकडा बूम (क्रेनचा लांब हात) आखडलेली आणि भार चाकांच्या अगदी जवळ असतानाचा आहे. बूम लांब केली की क्षमता झपाट्यानं उतरते, कारण गाडी उलटवणारा जोर वजन आणि अंतर ह्यांच्या गुणाकारानं ठरतो. हायड्राच्या केबिनमध्ये क्षमतेचा तक्ता असतो. भाड्यानं आलेल्या ऑपरेटरला तो दाखवायला सांगा. तक्ता फाटलेला असेल किंवा त्याला तो वाचता येत नसेल तर दुसरी गाडी बोलवा. भार घेऊन चालताना उतारावर वळण नको, आणि ओंडक्याला दोन्ही टोकांना दोर बांधून दोन माणसांनी लांबून सावरायचं.

*फोर्कलिफ्ट.* वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निघालेल्या जुन्या फोर्कलिफ्ट बाजारात येतात. कापलेल्या फळ्या, पॅलेट, सेंट्रिंगचा माल काँक्रीटवर हलवायला उत्तम. लहान टणक चाकं मुरमावर चालत नाहीत. क्षमता फोर्कच्या मुळापासून अर्ध्या मीटरवर भार धरून लिहिलेली असते, म्हणून भार पुढे सरकला की ती कमी होते.

पट्टे, साखळ्या आणि कोन

यंत्रावर लाखो घालून पट्टा मात्र भंगारातून आणतात, हे मला कधीच समजलं नाही. वखारीतले अपघात मला माहीत आहेत त्यांत यंत्र मोडल्याचे थोडे आणि पट्टा किंवा साखळी सुटल्याचे जास्त आहेत.

पॉलिएस्टरच्या पट्ट्यांना रंग ठरलेले आहेत: जांभळा 1 टन, हिरवा 2 टन, पिवळा 3 टन, करडा 4 टन, लाल 5 टन. हे आकडे सरळ उचलीचे. ओंडक्याला फास घालून उचललं की क्षमता 80 टक्क्यांवर येते. म्हणजे हिरवा पट्टा फासात 1.6 टनच. साखळी घ्यायची तर ग्रेड 80 ची, कड्यांवर खूण असलेली. 8 मिलिमीटरची 2 टन, 10 मिलिमीटरची 3.15 टन. हार्डवेअरच्या दुकानातली जनावरं बांधायची किंवा फाटकाची साखळी उचलायला वापरायची नाही.

दोन पट्ट्यांनी ओंडका उचलताना त्यांचा आडव्या रेषेशी होणारा कोन बघा. कोन 60 अंश असेल तर प्रत्येक पट्ट्यावर वजनाच्या 58 टक्के भार येतो. 45 अंशांवर 71 टक्के. कोन 30 अंशांवर आला की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ओंडक्याचं वजन येतं. पट्टे दोन असूनही. छत कमी उंचीचं आहे म्हणून आखूड पट्टे लावणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

सागाला साखळी नको. किनवटकडचा चांगला साग फळीसाठी घेता, त्यावर साखळीचे आणि पंजाचे वळ पडले की वरची फळी हलक्या भावानं जाते. लिलावातला ओंडका असेल तर त्यावरचा हातोड्याचा छाप आणि नंबर पुसला जाता कामा नये. तिथं रुंद पट्टाच.

वर्षातून एकदा सगळी साखळी, पट्टे, हुक, होइस्ट सक्षम व्यक्तीकडून तपासून घेऊन तारीख लिहून ठेवा. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 मध्ये उचलण्याच्या साधनांसाठी बारा महिन्यांची हीच मुदत होती. तुमची गिरणी लहान असली तरी ती पाळा. हुकचं तोंड बंद करणारी कुलपी तुटली असेल, पट्ट्याला काप गेला असेल, लेबल वाचता येत नसेल, तर तो पट्टा त्याच दिवशी कापून टाका. बाजूला ठेवला तर गर्दीच्या दिवशी कुणीतरी पुन्हा वापरतंच.

शेतात किंवा जंगलात भरायचं असेल तर

तिथं गॅन्ट्री नेता येत नाही, आणि मोठी हायड्रा पाणंद रस्त्यानं पोचत नाही. ट्रॅक्टर आणि फळ्या, किंवा ट्रॅक्टरचा लोडर, हेच खरे पर्याय. ओंडका ओढून बांधाशी आणताना साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांडीलाच) लावा. वरच्या लिंकला किंवा मागच्या एक्सलच्या वर कुठंही लावली आणि ओंडका बुंध्याला अडला, तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे उलटतो. त्याला दोन सेकंदही लागत नाहीत, ड्रायव्हरला उडी मारायला वेळच मिळत नाही.

वर बघा. शेतावरून जाणारी 11 केव्हीची तार उन्हाळ्यात खाली झोल घेते. बूम किंवा उभा ओंडका तारेपासून निदान 3 मीटर लांब राहिला पाहिजे, आणि मी स्वतः 5 मीटर ठेवतो.

आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना हातात आल्याशिवाय मशीन बोलवू नका. ओंडका गाडीत भरून पुन्हा उतरवावा लागला तर भाडं दुप्पट जातं.

जुनं घेताना

मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरवर विसंबू नका. सिलिंडरच्या दांड्यावरून बोट फिरवा, ओरखडे लागले तर सील लवकर जाणार. बूमवर नंतर मारलेलं वेल्डिंग शोधा, रंग खरवडून बघा. पिन आणि बुश किती हलतात ते पहारीनं हलवून पाहा. मग भार उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. भार डोळ्यांना दिसेल इतका खाली आला तर हायड्रॉलिकमधे खर्च आहे. हे सगळं मशीन तापल्यावर करा. सकाळच्या गारव्यात नीट वाटणारं हायड्रॉलिक मेच्या दुपारी, 42 अंशांत, गळायला लागतं. वखारीत भुसा उडून रेडिएटर बुजतो, म्हणून जाळी रोज संध्याकाळी हवेनं साफ करण्याची सोय आहे का तेही बघून घ्या.

पैसे देण्याआधी एक दिवस

विक्रेत्याला सांगा, मशीन माझ्या वखारीत आणा, माझा सगळ्यात जड ओंडका उचला, गाडीवर सगळ्यात वरच्या थरावर ठेवा आणि परत काढा. शक्य असेल तर हे पावसाळ्यात करा. गॅन्ट्री बांधली असेल तर वापरात घेण्याआधी तिच्या क्षमतेच्या सव्वापट, म्हणजे 2 टनांच्या बीमवर अडीच टन, जमिनीपासून थोडंसं वर उचलून इंजिनिअरसमोर चाचणी घ्या. मग बीमवर दुरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत "2 टन" रंगवा, आणि शेजारी तसाच दुसरा आकडा लिहा: "ओलं लाकूड 50 घनफूट".

तो दुसरा आकडा सगळ्यात उपयोगी पडतो. हमालाला टन डोळ्यांनी कळत नाही, घनफूट कळतो. आमच्याकडे आता गाडी लागली की हमाल आधी दोरी काढतात, घेर घेतात, चौपदरी करतात. हिशेब पन्नासच्या वर गेला की होइस्टचं बटण कुणी दाबत नाही, ओंडका गाडीतच राहतो आणि हायड्रावाल्याला फोन जातो.